कुसुमबाईचं पान

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी, रविवारी, किशनराव मानवतला आले. येताना त्यांनी पेढ्यांचे दोन पुडे आणले, आणि जाताना पुतणीच्या कागदावर सही करून जातील असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

ती सही साधी नव्हती. जपानात, ओसाकाच्या एका विद्यापीठानं सत्यशीलेला दोन वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथं हजर व्हायचं, म्हणजे मार्च संपायच्या आत पासपोर्ट हातात हवा. नेहमीच्या वाटेनं गेलं तर नुसत्या चौकशीतच पावसाळा उजाडला असता. पण वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं 'हिला मी ओळखतो' असं प्रमाणपत्र लिहून खाली शिक्का मारला, की काम महिन्याभरात होणार होतं. सगळ्या गोतावळ्यात तेवढ्या दर्जाचा माणूस एकच, उपजिल्हाधिकारी किशनराव. भूकंपानंतर त्यांना लातूरकडं पुनर्वसनाच्या कामावर धाडलं होतं आणि साडेतीन महिन्यांत त्यांना घरी जेवायलाही सवड मिळाली नव्हती. तरी हा आनंद भावाबहिणीत बसूनच करायचा, म्हणून ते जीप घेऊन भल्या सकाळी निघाले होते.

सकाळी सगळे विहारात जाऊन आले. वंदना झाली, वस्तीतल्या बायाबापड्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, म्हाताऱ्या माणसांचे डोळे पुन्हा पुन्हा भरून आले. मग शिक्षक कॉलनीतल्या सूर्यभान गुरुजींच्या घरी पंगत बसली. गुरुजी म्हणजे सत्यशीलेचे वडील. किशनराव त्यांचे थोरले भाऊ, कुसुमबाई मधली बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा कॉलेजात असलेल्या किशनरावांनी शिकवण्या करून या दोघांना वाढवलं होतं. त्यामुळं पन्नाशीला टेकलेले सूर्यभान आजही दादासमोर खुर्चीच्या पाठीला पाठ लावून बसत नसत. कुसुमबाई विधवा. सेलूला मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाकाचं काम करी. कुठंही गेली तरी तिचे पाय आपोआप चुलीकडं वळत. आजही सत्यशीलेची आई बायनाबाई नको नको म्हणत असताना येसराची आमटी तिनंच केली होती.

जेवताना किशनराव फार खुशीत होते. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत मूळ गावातलं घर जळालं, तेव्हा सगळे अंगावरच्या कपड्यानिशी मानवतला आले होते. ती आठवण निघाली, पण आज तिनं कुणाचा घास अडवला नाही. सोळा वर्षं, असं किशनराव दोनतीनदा म्हणाले. मग हात धुऊन ते सत्यशीलेकडं वळले आणि त्यांनी मनातलं बोलून दाखवलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं आहे. आता तिथं शिकवायला आपल्या घरातलं माणूस पाहिजे. कायदा शिकव, पाली शिकव, त्याला वजन आहे.

"आन् तू जायलीस जपानला, शिनेमाची गाणी शिकायला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण थट्टाही नव्हती. "मला नीट समजून सांग. मला पटलं तर सही करतो."

सत्यशीलेला हेच हवं होतं. दिल्लीला शिकताना दोन वर्षांत तिनं असल्या प्रश्नाला इतक्या वेळा तोंड दिलं होतं, की आता तिला तो ऐकून हुरूपच येई. ती पुढं सरकून बसली आणि सांगू लागली. सेलूच्या व्हिडिओ सेंटरात हाँगकाँगच्या मारामारीचा चित्रपट लागला की आसपासच्या खेड्यांतली पोरं सायकलवर तिघं तिघं बसून येत. भाषा कुणालाच कळायची नाही, पण नायकाला पहिला मार बसला की सगळं सेंटर चिडीचूप व्हायचं. हे तिनं दिल्लीत एका तासाला सांगितलं, तेव्हा जपानहून आलेल्या पाहुण्या बाईंनी बोलणं थांबवून वही काढली. आज आशियातले लोक काय बघतात, काय ऐकतात, कशावर पैसे उधळतात आणि कशासाठी रडतात, याच विषयाचा त्या अभ्यास करत. बँकॉकच्या बाजारातल्या कॅसेटी, जपानी माणसं आगगाडीत बसून वाचतात ती चित्रांची जाडजूड पुस्तकं, मनिलातल्या गाण्याच्या स्पर्धा. त्याच बाईंच्या हाताखाली शिकायला ती चालली होती.

सूर्यभान गुरुजींना लेकीच्या बोलण्याचं कौतुक वाटत होतं, पण दादांच्या कपाळावरची आठी गेलेली नव्हती. म्हणून त्यांनी आपल्या परीनं हातभार लावला. जपान हा बुद्धाचा देश आहे, असं ते म्हणाले. तिथं जातपात नाही. पोरगी चार चांगल्या माणसांत राहून येईल.

"तिथंबी हाय, बाबा," सत्यशीला म्हणाली.

खोलीतलं वारं बदललं. बायनाबाई ताटं उचलता उचलता थांबली. सत्यशीलेनं सावकाश सांगितलं. चामडं कमावणाऱ्या, मेलेली जनावरं ओढणाऱ्या लोकांच्या तिथं वेगळ्या वस्त्या होत्या. अठराशे एकाहत्तर साली फर्मान काढून तो भेद मिटवला. पण वीस वर्षांपूर्वी त्या वस्त्यांच्या पत्त्यांची यादी छापून कंपन्यांना गुपचूप विकली गेली, कुणाला नोकरीवर घ्यायचं नाही ते कळावं म्हणून. अजूनही सोयरीक जुळवताना काही लोक माणूस लावून पत्ता काढतात. ओसाकात अशा वस्त्या पुष्कळ आहेत.

"बुद्धाला हात जोडत्यात, आन् तरी?" बायनाबाईनं विचारलं.

"तरी. कायदा काय म्हनतो ते कायद्याच्या पुस्तकात मिळतं, आई. माणसं मनात काय धरून बसलीत ते न्हाई मिळत तिथं. ते गाण्यात मिळतं, शिनेमात मिळतं. नायक कोण हुतो, कुणाला बघून लोक हसतात, कुणाचं नावच कधी येत न्हाई. मला ते वाचायचंय, काका. तिथलंबी आन् आपलंबी."

कचेरीत विचारावेत तसे किशनरावांनी तीन प्रश्न विचारले. तिथं जबाबदारी कोणाची, दोन वर्षांनी हातात काय पडणार, आणि परत कधी येणार. सत्यशीलेनं तिन्हींची उत्तरं न अडखळता दिली. परत येण्याबद्दल तर ती म्हणाली, की हा विषय अजून इकडं कुठं शिकवत नाहीत. नाव लागलेल्या विद्यापीठात तो पहिल्यांदा ती शिकवील.

आता मात्र किशनराव हसले. "लय पुढचं बोलायलीस," असं म्हणत त्यांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं.

पण कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही त्यांची बत्तीस वर्षांच्या नोकरीतली सवय. प्रमाणपत्राच्या खाली अभ्यासाचा आराखडा होता, तो महिनाअखेर ओसाकाला पाठवायचा होता. इंग्रजीतली पंधरा पानं. ती ते उलटू लागले. अकराव्या पानावर त्यांची नजर अडकली. ते पान त्यांनी दोनदा वाचलं आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

"हे पान काढ," ते म्हणाले. "मग करतो सही."

त्या पानावर काय आहे ते सत्यशीलेला पाठ होतं. नामांतराच्या लढ्यात गावोगावच्या जलशांतून गायल्या गेलेल्या गाण्यांबद्दल एक प्रकरण ती लिहिणार होती, आणि त्याच्या मधोमध कुसुम आत्याचं गाणं होतं. एकोणऐंशीपासून सहासात वर्षं कुसुमबाई बैलगाडीवर, ट्रकच्या फाळक्यावर, शाळेच्या ओट्यावर उभी राहून गायली होती. नांदेडला कुणी तरी तिची एक कॅसेटही काढली होती. तिच्या इतक्या नकला झाल्या, की परभणीच्या बसस्टँडवर सत्यशीलेला मिळालेल्या नकलेवर गायिकेचं नावच नव्हतं. मग गाणं अचानक बंद झालं, आणि घरात त्याविषयी बोलणंही बंद झालं. सत्यशीला तेव्हा शाळेत होती.

किशनराव आता सूर्यभानांशी बोलू लागले. पोरगी शिकते आहे, शिकू दे. पण घरच्या बाईचं नाव, गाडीवर उभं राहून गातानाचा तिचा फोटो परदेशातल्या लोकांसमोर कशाला मांडायचा? कुसुम आता वयानं मोठी झाली, मुलींच्या वसतिगृहात नोकरी करते. तिला याचा त्रास होईल.

सूर्यभान गुरुजींनी लेकीकडं पाहिलं, मग भावाकडं, आणि ते भावाच्या बाजूला झाले. एका पानानं काय होतंय, असं ते म्हणाले. पंधरातली चौदा तर राहतात. बायनाबाईनंही तेच म्हटलं. पोरीचं जाणं अडू नये एवढंच तिला कळत होतं.

सत्यशीलेला एक सोपी वाट दिसत होती. पान आत्ता काढायचं, आणि सही झाल्यावर पाकीट बंद करताना परत घालायचं. लातूरला बसलेल्या काकांना कधी कळलंही नसतं. ही वाट दिसली म्हणूनच तिला स्वतःची लाज वाटली.

"काका, पान न्हाई काढणार मी," ती म्हणाली. "तुमी सही न्हाई केली तरी माझ्या मनात काही राहणार न्हाई. उद्या परभणीला जाते. कलेक्टर कचेरीत कुणी तरी माझं ऐकून घेईल."

ती चिडलेली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. या घरात किशनरावांशी असं आजवर कुणी बोललेलं नव्हतं. सूर्यभान उठून उभे राहिले, आणि उभं राहून काय करावं हे न कळल्यानं पुन्हा बसले.

तेवढ्यात कुसुमबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदराला हात पुसत ती थेट टेबलापाशी गेली.

"माझं पान हाय म्हनता," ती म्हणाली. "मला तर कुनी दाखवलं न्हाई."

खरंच होतं ते. सत्यशीलेनं जिंतूरला जाऊन आत्याच्या साथीला असलेल्या म्हाताऱ्या सिताराम पेटीवाल्याला गाठलं होतं, त्याच्याकडून तारखा, गावं आणि गाणं का थांबलं ते लिहून घेतलं होतं, फोटोही त्याच्याकडूनच आणला होता. सेलू तर वाटेतच होतं. पण आत्या त्या विषयावर बोलत नाही, तिला दुखेल, असं आपल्या आपणच ठरवून ती सेलूत गाडीतून उतरलीसुद्धा नव्हती.

"वाच," कुसुमबाई म्हणाली आणि खाली सतरंजीवर बसली. "मराठीत वाच."

सत्यशीलाही तिच्यासमोर खाली बसली आणि इंग्रजी ओळींवर बोट ठेवून मराठीत सांगू लागली. गायिकेचं पूर्ण नाव. साल. ऐन पावसाळ्यात पाथरीच्या बाजूला झालेला कार्यक्रम, कंदील धरून उभी राहिलेली माणसं. कुसुमबाई मान हलवत ऐकत होती. एके ठिकाणी तिनं गाव दुरुस्त केलं, एके ठिकाणी माणसांचा आकडा. मग गाण्याचं धृपद आलं. 'नाव मागतो आम्ही, गाव न्हाई मागत.' त्या 'मागतो' या एका शब्दावर सत्यशीलेनं अख्खा परिच्छेद उभा केला होता. हे लोक राज्यकर्त्यांकडं अर्ज करावा तशी नम्र मागणी कशी करतात, त्याचं विवेचन.

"काय मागतो?" कुसुमबाईनं विचारलं.

"नाव. 'नाव मागतो आम्ही.'"

"मागतो न्हाई गं. सांगतो." कुसुमबाई ताठ बसली. "'नाव सांगतो आमी, गाव न्हाई मागत.' मागत न्हवतो आमी कुनाला. सांगत हुतो."

झिजलेल्या कॅसेटनं एक अक्षर खाल्लं होतं, आणि त्या एका अक्षरावर दिल्लीच्या तीन प्राध्यापकांनी शाबासकी दिली होती. सत्यशीलेचे कान गरम झाले. तिनं पेन्सिल घेऊन तो सगळा परिच्छेद खोडला. खोडताना मात्र तिला मोकळं वाटू लागलं, कारण खोडलेल्या परिच्छेदापेक्षा मोठी गोष्ट तिच्या हाती आली होती. सूर्यभान गुरुजींनी हळूच ती ओळ स्वतःशी म्हणून पाहिली, नव्या शब्दासकट.

पानावर आता दोनच ओळी उरल्या होत्या. सत्यशीला थांबली.

"अजून हाय की," कुसुमबाई म्हणाली. "बोट तिथंच हाय तुझं."

सत्यशीलेनं वर पाहिलं. किशनराव खिडकीशी जाऊन बाहेर उभ्या असलेल्या जीपकडं बघत होते. त्यांच्याकडं पाहताच तिला सगळं कळलं. अडचण फोटोची नव्हती, आत्याच्या नावाची नव्हती, बहिणीच्या त्रासाचीही नव्हती. ती या दोन ओळींची होती. तिनं त्या जशा होत्या तशा वाचल्या.

"'एकोणीसशे शहाऐंशीनंतर या गायिकेचं गाणं बंद पडलं. सरकारी अधिकारी असलेल्या तिच्या थोरल्या भावाच्या आज्ञेवरून.'"

बाहेर कॉलनीत लाउडस्पीकरवर गाणी चालू होती, ती आता फार मोठ्यानं ऐकू येऊ लागली. सूर्यभानांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात धरला.

"आज्ञा न्हवती," कुसुमबाई शेवटी म्हणाली. "कार्ड आलं हुतं. दादांच्या विशाखाची सोयरीक चालली हुती. पोराकडच्यांनी विचारलं, आत्या ष्टेजवर गाते म्हनं. दादांनी लिहिलं, आता थांब. दोन ओळी हुत्या, मास्तरनीकडून वाचून घेतल्या मी."

"म्हणजे खरंच हाय ते," सत्यशीला म्हणाली.

"खरं हाय. पन अर्धं हाय." कुसुमबाईनं तिच्या हातातला कागद घेतला, जणू त्याच्यावरचं तिला वाचता येत होतं. "दादांनी थांब म्हनलं, हे लिहिलंस. मी थांबले, हे कुठं लिहिलंस? मला कुनी दोरीनं बांधलं न्हवतं. माझ्या हातात पाटीभर कॅसेटी हुत्या, साथीला मानसं हुती, पुढच्या चार तारखा ठरलेल्या हुत्या. मी गेले असते तर दादा काय करणार हुते? पन पोरीचं लगीन मोडलं असतं, आन् मला गाताना तिचं तोंड दिसलं असतं. म्हनून थांबले. वाईट लय वाटलं. आठ वर्षं झाली, अजून वाटतंय. पन ठरवलं मीच."

एवढं बोलून तिनं कागद परत दिला. "माझ्यावर लिहायलीस ना, मग मला बिचारी करू नको. दोन्ही लिही. फोटोबी राहू दे. नाव पुरं लिही."

कुणी गप्प केलं म्हणून गप्प झालेल्या बाईवर लिहायला सत्यशीला निघाली होती, आणि ती बाई समोर बसून तिचा मजकूर तपासत होती. पंधरा पानांत तिनं आशियातल्या सात शहरांची नावं घेतली होती. तीस किलोमीटरवरच्या सेलूला मात्र ती उतरली नव्हती. तिनं पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर आत्याचे शब्द आत्याच्याच बोलीत उतरवून घेतले. एकेक ओळ परत वाचून दाखवली. कुसुमबाईनं दोन ठिकाणी सुधारणा सांगितल्या आणि मग बास म्हटलं.

आता सूर्यभान गुरुजी म्हणाले, "दादा, पान राहू द्या." एवढंच. पण ते म्हणताना ते खुर्चीच्या पाठीला टेकून बसले होते, आणि बायनाबाईनं ते पाहिलं.

किशनराव खिडकीपासून वळले. त्यांनी टेबलापाशी येऊन प्रमाणपत्र पुढं ओढलं. अर्जदाराला किती वर्षांपासून ओळखता, या रकान्यात चोवीस लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली, ड्रायव्हरला हाक मारून जीपमधली पेटी मागवली आणि शिक्का दोनदा शाईवर दाबून कागदावर नीट उमटवला. मग अकरावं पान हातात घेऊन त्यांनी उलटीकडचा मजकूर वाचला. सत्यशीला त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. त्यांनी एकही शब्द खोडायला सांगितला नाही.

"तू लिहिशील तेव्हा आज्ञा नको लिहू, कार्ड लिही," ते म्हणाले. "माझंबी नाव घाल. नुसतं अधिकारी भाऊ कशाला. तिचं पुरं नाव, तर माझंबी पुरं."

"घालते, काका."

"आन् पुढं असं काही लिहू नको, की भावाला मागून वाईट वाटलं म्हणून." त्यांनी पान टेबलावर ठेवलं. "ते जपानला सांगायचं न्हाई. ते मला कुसुमला सांगायचंय."

त्यांनी पेन खिशाला लावलं. ड्रायव्हरला जेवून घ्यायला सांगितलं, घाई नाही म्हणाले. मग कुसुमबाईच्या मागोमाग ते मागच्या अंगणात गेले. तिथं बाजेवर ज्वारी वाळत घातली होती, ती दोघांनी मिळून एका कडेला सारली आणि दोघं बाजेवर बसले.

अकरावं पान बाहेर ठेवून सत्यशीलेनं बाकीचे कागद पाकिटात घातले. मागच्या खिडकीतून दोघांच्या पाठी दिसत होत्या आणि कान दिला असता तर बोलणंही ऐकू आलं असतं. तिनं खिडकी लोटून घेतली आणि टेबलापाशी बसून धृपदाबद्दलचा परिच्छेद पहिल्या शब्दापासून नव्यानं लिहायला घेतला.